भरतीच्या रंगाचं पान

सुमय्याला लहानपणापासून पाण्याकडे बघत बसायची सवय. उरणला मोरा बंदराजवळ तिचं घर. तिचे अब्बा, फजल, मुंबईला जाणाऱ्या लाँचवर सुकाणू धरायचे. त्यांची यायची वेळ झाली की ती धक्क्यावर जाऊन बसे, आणि लाँच येऊन लागली तरी कधीकधी तिला पत्ता नसे. अब्बा खांद्याला हात लावून विचारायचे, “कुठे गेलतीस गो?”

“इथंच तर होते.”

पण ती तिथे नसायची. ओहोटीच्या चिखलावर राखाडीतून जांभळा कसा उतरतो, भरतीचं पाणी आधी कुठल्या खाचेतून आत शिरतं, असलं काहीतरी बघण्यात ती हरवलेली असायची.

मोठी झाल्यावर ती वेबसाइट बनवायला शिकली आणि वाशीच्या एका छोट्या ऑफिसात लागली. पानावरची अक्षरं केवढी, रकाने किती, बटणाचा रंग कोणता, हे ज्या भाषेत कम्प्युटरला सांगतात तिला सीएसएस म्हणतात. सुमय्याला ही भाषा मनापासून आवडायची. एका ओळीत सावली लांबवता येई, दुसऱ्या ओळीत निळा रंग पहाटेचा करता येई. ऑफिसात मात्र ती लिहायची वेळच येत नसे. तिथे फ्रेमवर्क वापरत. जगात कुणीतरी रकाने, बटणं, मोकळ्या जागा आधीच लिहून ठेवलेल्या असतात. आपण नुसती त्यांची नावं घालायची, की पान उभं.

“पीठ गिरणीत दळून मिळतंय, तर घरी जातं कशाला फिरवायचं?” क्षिप्रा मॅडम म्हणत. ऑफिस त्यांचंच होतं. बाई शांत, कामाला पक्क्या.

एका दुपारी सुमय्याने एका ग्राहकाला फोन लावला आणि म्हणाली, “सर, तुमच्या हापूसचा फोटो जरा अंधारा आलाय.” पलीकडे दातांचे डॉक्टर होते. तिने स्क्रीनकडे पाहिलं. आंबेवाल्याचं पान, दवाखान्याचं पान आणि एका क्लासचं पान शेजारीशेजारी उघडं होतं. वर तीच पट्टी, मध्ये तोच मोठा फोटो, खाली तेच तीन चौकोन, तेच निळं बटण. सगळे हसले, तीही हसली. पण संध्याकाळी सेक्टरातून चालताना एकसारख्या इमारती मागे पडत गेल्या आणि तिला वाटलं, आपण अशाच इमारती बांधतोय, आणि आत राहणाऱ्यांनाही आपलं दार ओळखू येत नाहीये.

त्याच सुमारास मोऱ्याहून मुंबईला जाणाऱ्या काही नेहमीच्या प्रवाशांनी अब्बांना गळ घातली. ओहोटीला धक्क्यापाशी गाळ उघडा पडतो, लाँच लागत नाही, वेळा रोज बदलतात. तुमची पोरगी वेबसाइट करते ना, मग आजच्या बोटी कधी, एवढं फोनवर दिसेल असं काही करून द्या.

सुमय्याने क्षिप्रा मॅडमना सांगितलं, “हे मी घरी करणार. आणि यात तयार काहीच घेणार नाही. एक ओळसुद्धा.”

“का गं? फ्रेमवर्क हजारो लोकांनी हजार तऱ्हेच्या फोनवर वापरून बघितलेलं असतं.”

“असेल. पण ते आपल्या बंदराचं नसतं.”

मॅडम चहाचा कप घेऊन आपल्या टेबलाकडे गेल्या.

पुढचे रविवार सुमय्याने गच्चीवर काढले. समोर बंदर, मांडीवर लॅपटॉप. पान उघडलं की तळाशी पाणी दिसायचं आणि त्या घटकेला भरती जेवढी चढली असेल तेवढं ते वर चढलेलं असायचं. सकाळी त्याचा रंग दुधी, दुपारी शिशासारखा, मावळतीला तांबूस. वेळा त्या पाण्यावर होड्यांसारख्या हलक्या तरंगायच्या. बटण शिंपल्याच्या आकाराचं. काम करताकरता तिला कळेनासं व्हायचं, की खरं पाणी समोरचं की मांडीवरचं.

पान सुरू झालं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. धक्क्यावर अनोळखी माणसं एकमेकांना फोन दाखवू लागली. अब्बा कुणाला काही सांगत नव्हते, पण चहाच्या टपरीवर जरा जास्त वेळ उभे राहायला लागले होते.

मग एके दिवशी दुपारी अब्बांचा ऑफिसात फोन आला. “फातिमा खाला धक्क्यावर बसलीय. मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं तिला. तुझ्या पानावर बोट बघूनच निघाली म्हणते. पण बोट कुठाय? पूर्ण ओहोटी आहे.”

फातिमा खाला म्हणजे सुमय्याच्या आईची मोठी बहीण. नजर अधू झालेली, म्हणून जुन्या फोनवर अक्षरं होतील तेवढी मोठी करून ठेवलेली. सुमय्या उरणला पोचली तेव्हा खाला घरी पंख्याखाली पडली होती. उन्हाने चेहरा लाल झाला होता. डॉक्टरची वेळ गेली होती, ती पुन्हा मिळायला महिना लागणार होता.

सुमय्याने तिचा फोन हातात घेतला. मोठी झालेली अक्षरं आपापल्या चौकटींतून सांडून एकमेकांवर पडली होती. सकाळच्या वेळेवर दुपारची वेळ चढली होती आणि त्यावरून सुंदर शिशाच्या रंगाचं पाणी हळूहळू वर येत होतं.

“पानी बरा दिसत होता गो,” खाला डोळे मिटूनच म्हणाली. “पन वेळ नाय दिसली.”

तिच्या आवाजात राग नव्हता. सुमय्याला तो असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने क्षिप्रा मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी “मी म्हटलं नव्हतं?” असं म्हटलं नाही. खुर्ची ओढून घेतली आणि ऑफिसात रोज वापरायच्या त्या फ्रेमवर्कचा आतला कोड उघडला. इतक्या वर्षांत सुमय्याने तो कधी वाचला नव्हता. नुसती नावं घातली होती.

“हे बघ. तू चौकटीची उंची बांधून टाकलीस. यांनी बांधली नाहीये. अक्षर वाढलं की चौकट वाढते, मधली जागा वाढते, खालचं आणखी खाली सरकतं. हे लिहिणाऱ्याच्या घरातही कुणी असेल, मोठी अक्षरं लागणारं.”

सुमय्या वाचत राहिली. ओळीमागून ओळ. कुठल्या तरी लांबच्या गावात, कधीच न भेटणाऱ्या कुणीतरी खिडकीशी बसून हे लिहिलं असेल. त्याला मोरा बंदर ठाऊक नसणार, फातिमा खाला ठाऊक नसणार. तरी खालासाठी जागा सोडलेली होती. बाहेर खाडीवर ऊन पसरलं होतं, पूल त्यात विरघळल्यासारखा दिसत होता, आणि तिला ती सगळी अनोळखी माणसं क्षणभर तिथेच, आपल्या आसपास बसल्यासारखी वाटली.

तिने पान नव्याने केलं. अख्खं फ्रेमवर्क घेतलं नाही. ते जड होतं, धक्क्यावर नेटवर्क जेमतेम, उघडायला वेळ लागला असता. अक्षरं, रकाने आणि बटणं एवढंच तिने त्यातून उचललं. पाणी स्वतःचंच ठेवलं, पण अक्षरांच्या मागे, फिकट.

“ऑफिसात असलं निवडत बसायला मी देणार नाही हं,” मॅडम म्हणाल्या. “इथे पूर्णच वापरायचं.”

“इथेही निवडू द्या म्हणून मागे लागणार आहे मी,” सुमय्या म्हणाली. दोघींचा तो वाद अजून चालू आहे.

नवं पान तिने आधी खालाच्या फोनवर उघडलं. शिंपल्याचं बटण परत बसवायचं तिच्या मनात होतं. तोवर तिथे फ्रेमवर्कचं साधं निळं बटण होतं. खालाने सरळ त्यावर बोट ठेवलं.

“हा कसा कळला तुला?”

“बँकेच्या पानावर पन असाच हाय. ओळखीचा वाटला.”

सुमय्याने ते निळंच राहू दिलं.

महिन्याने खालाला घेऊन ती लाँचने निघाली. सुकाणूवर अब्बा होते. धक्का मागे पडला, उरणची झाडं धुरकट झाली. खालाने पदर सावरून विचारलं, “आता पानी किती चढला, बघ गो तुझ्या फोनमधे.”

भर पाण्यात नेटवर्क गेलं होतं. पान उघडेना. सुमय्याने फोन पिशवीत टाकला, खालाचा हात धरून तिला कठड्याशी नेलं, आणि दोघी वाकून बघत राहिल्या. खालाला फक्त उजेड हलताना दिसत होता. ती म्हणाली, “हिरवा हाय ना?”

हिरवा नव्हता. पण सुमय्या बघत राहिली, आणि जरा वेळाने तिलाही हिरवा दिसायला लागला.