सरांची लाकडी पळी

शेख सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत त्यांच्याच बाटल्या धूत होते. एकदा अ‍ॅसिडने, मग शुद्ध पाण्याने तीनदा... तिसरं पाणी झाल्यावरच हात पुसले, सरांनी सवयच तशी लावली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. मला मात्र त्यामागे एक माणूस दिसतो आणि त्याला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

सर सोलापुरात आमच्या कॉलेजात भू-रसायनशास्त्र शिकवायचे. मी सतरा वर्षं त्यांची प्रयोगशाळा सहायक. मातीपाण्यात काय आहे आणि ते भाजीभाकरीतून माणसाच्या अंगात कसं उतरतं, हा त्यांचा ध्यास. शेतात गेले की मातीआधी माणसांचे हात बघायचे. होटगीच्या बाजूला एका वस्तीवर सखरूबाईचे हात त्यांनी असेच पाहिले. चट्टे, भेगा... "हिरीचं पाणी बिघडल्यापास्नं हाय की हे," ती म्हणाली, "पर आमचं कोण ऐकतंय?" सर म्हणाले, "मी ऐकतो की मावशी. मातीलाही विचारू." विहिरीच्या वरच्या अंगाला सूत रंगवण्याचा कारखाना होता. सरांना त्याच्या रंगीत सांडपाण्यातल्या क्रोमियमचा संशय आला.

नमुन्याला धातू लागू नये म्हणून माती काढायला ते घरची लाकडी पळी वापरत. त्यांच्या अम्मीची, खीर ढवळायची. एका सकाळी ती पिशवीत टाकायला मी विसरले. सर दुसऱ्या टोकाला होते, ऊन चढत होतं. सखरूबाईचा स्टीलचा डाव मागून घेतला आणि एका जागेची माती काढली. स्टीलमध्येच क्रोमियम असतं हे मला ठाऊक होतं, तरी काढली. संध्याकाळी सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. वहीत लिहिलं, 'या जागेचा नमुना स्टीलच्या डावाने. धरू नये.' माझं नाव मात्र लिहिलं नाही.

कारखान्याच्या मालकाकडे आमच्या विभागप्रमुखांचं उठणंबसणं होतं. त्यांनी नेमकी तेवढी एक ओळ उचलली आणि शेरा मारला, नमुने दूषित आहेत, अहवाल पुढे पाठवू नये. बाकी सगळ्या जागा लाकडी पळीच्या आहेत, हे सर सांगत राहिले. "तुमच्याच हातचं लिहिलंय की सर," प्रमुख हसत म्हणाले. ते हसू मी टेबलाशेजारी उभं राहून पाहिलं. पुढची दोन वर्षं सर खचत गेले आणि वस्ती तेच पाणी पीत राहिली.

शोकसभेत हार घालायला हेच प्रमुख सगळ्यांत पुढे. म्हणाले, "सरांचं अपुरं काम आमचा विभाग पूर्ण करील." दुसऱ्या दिवशी ते पेपरात छापून आलं. कात्रण जोडून मी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्याच जागा, नवे नमुने, विभागाचं यंत्र. त्यांनी कात्रण उलटंसुलटं करून पाहिलं... मग सही केली. इतकी गोड सही मी आयुष्यात पाहिली नाही.

पळी सरांच्या पत्नीने, नसीमभाभींनी काढून दिली. सखरूबाईने पिशव्या धरल्या, मी प्रत्येक जागेची माती पुन्हा काढली. आकडे आले. क्रोमियम होतं तसंच होतं. डावाची चूक या वेळी मी माझ्या नावानिशी अहवालात लिहिली. खाली प्रमुखांची सही लागणारच होती. स्वतःचा शेरा त्यांना स्वतःच खोटा ठरवायचा होता. पेन मीच पुढे केलं, सही झाली आणि अहवाल पुढे गेला. सरांच्या चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी ती विहीर बंद झाली आणि वस्तीवर टँकर आला. कारखान्याचं अजून बाकी आहे, मी विसरलेली नाही.

पळी परत द्यायला गेले तर भाभींनी घेतली नाही. आता ती प्रयोगशाळेच्या दारासमोर खिळ्यावर टांगली आहे, प्रमुखांना आपल्या खोलीकडे जाताना दिसेलच अशी. शिपायाने विचारलं, "बाई, काढून ठेवू का?" म्हटलं, साहेब रिटायर झाले की काढ. रोज सकाळी ते खाली मान घालून तिच्यासमोरून जातात. मी ते मन भरून बघते. मग बाटल्या धुवायला वळण्याआधी पळी माझ्याही समोर येते... आणि माझीही मान खाली जाते.