मोरीतल्या नळाचा झटका आणि नानांनी घेतलेला दोष

भीमरावनानांची नि माझी पहिली भेट युसूफ वडगावच्या बाजारातल्या त्यांच्या दुकानात झाली. मी आयटीआयचं सर्टिफिकेट पुढं केलं. त्यांनी विचारलं, "दिवा लागला म्हंजी वायरिंग चांगलं हाय का?" मी छाती फुगवून "हो" म्हणालो. नाना हसले, तरी त्यांनी मला कामावर घेतलं.

आज नाना पंचाहत्तर वर्षांचे झाले. वीज पडलेल्या घरी गेले की ते आधी मेन स्विच बंद करतात, पंखा-टीव्ही सोडवतात आणि मेगर हे गळती दाखवणारं यंत्र लावून एकेका खोलीची वायर तपासतात. तपासणी होईपर्यंत त्या घरचा चहा घेत नाहीत. "चहा पोटात गेला की भीड पडती," असं ते म्हणतात.

मी चहा घेतला. शांताकाकूंच्या वस्तीवर घरालगतच्या कडुलिंबावर वीज पडली, तेव्हा नानांनी मला पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या लेकीचं लग्न. झटक्यापासून वाचवणारा ब्रेकर सारखा पडत होता. म्हणजे कुठंतरी वायर जळाली होती. काकू म्हणाल्या, "भाऊ, पाव्हणे यायलेत, आज अंधार करू नका." मेगर पिशवीतच राहिला. मी ब्रेकर वगळून तार थेट जोडली. दिवे लागले, लोकांनी वाहवा केली आणि मी ती निर्लज्जासारखी घेतली.

सकाळी काकूंनी मोरीतल्या लोखंडी नळाला हात लावला आणि त्या फेकल्या गेल्या. दैव बलवत्तर म्हणून वाचल्या. नाना धावत आले, तर मांडवातली माणसं त्यांच्याच अंगावर गेली. नाना हात जोडून म्हणाले, "चूक माझी हाय. ह्या पोराला मीच नीट सांगितलं न्हाई." दहादा सांगितलं होतं हो! मी मांडवाच्या खांबाआड उभा होतो. नानांनी उपाशीपोटी मोरीची सगळी वायर बदलली. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. त्या वस्तीनं मात्र नानांना पुन्हा कधी बोलावलं नाही, आणि मी वर्षानुवर्षं मूग गिळून बसलो. लाज वाटते.

हा लेख छपाईला देण्याआधी मी शांताकाकूंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मंग इतकी वरसं आमी त्या भल्या माणसाला उगंच बोल लावला?"

नानांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यातला एक तरी दिवस त्या वस्तीवर मानानं जावो.