शेळीचं कातडं

बारामतीच्या विद्यापीठ केंद्रात मी युरोपातल्या प्रबोधनकाळाचा अभ्यास करते म्हटलं, की इंदापूरकडचे पाहुणे अजूनही विचारतात, "म्हंजी नेमकं काय करता?" जुनी हस्तलिखितं वाचतो, असं सांगून मी सुटका करून घेते. पण तिथं मला प्रवेश मिळाला तो वाचून नव्हे.

केंद्रात कातड्यावर लिहिलेलं एक जुनं पान होतं. यादीतली नोंद अशी: इंग्लंड, मेंढीचं कातडं. पीएचडीच्या मुलाखतीत समितीचे प्रमुख असलेल्या सरांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि वाचायला सांगितलं. मी त्यावर बोट फिरवलं आणि बोलून बसले, "सर, हे मेंढीचं नाही, शेळीचं आहे. पान इटलीतलं असेल, लिहायला शेळीचं कातडं तिकडंच जास्त वापरायचे."

"कशावरून?"

"हाताला कळतं."

समितीतले तिघंही हसले. जागा एकच होती, आणि ती गेली असंच मला वाटलं. माझं डोकं फिरलं. "माझे वडील बाहेर बसलेत. निम्मी हयात मेंढरांमागं गेलीय त्यांची. त्यांना विचारा."

आबा हात धुऊन आत आले. पान उचलून त्यांनी थेट नाकाला लावलं. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग आबांनी अंगठ्यानं कड चाचपली.

"शेळी हाय. मेंढराच्या कातड्याचं थर सुटत्यात. हितं एक तरी सुटलाय का?"

सर चिडले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पान घेऊन ते तडक शेजारच्या प्राणिशास्त्र विभागात गेले, आम्ही त्यांच्या मागं. तिथल्या मॅडमनी केसांची छिद्रं भिंगाखाली धरून शेळी-मेंढीच्या नमुन्यांशी ताडून पाहिली. बराच वेळ लावला. मी नखं खात होते. आबा कपाटातला बेडकाचा सापळा निवांत बघत होते.

"शेळीच," मॅडम म्हणाल्या.

मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, पण आबांचा दंड असा आवळला की ते कळवळले.

केंद्रात परतल्यावर सरांनी यादीतली नोंद स्वतः खोडली आणि आबांपुढे खुर्ची सरकवली. "आबा, अशी अजून चार पानं आहेत. बघाल का?"

"बघतो की," आबा उभ्यानंच म्हणाले. "पण आदी ह्या पोरीचं काय ठरलं, त्ये सांगा."

सरांनी बाकीच्या दोघांकडे पाहिलं. दोघांनी माना डोलावल्या.

"घेतलं तिला, आबा."

तेव्हा कुठं आबा खुर्चीत बसले. "आना मग," म्हणाले.