कुलूप लावून ऐकलेली गाणी

आमचे हे दुसऱ्या बाईबरोबर संसार थाटायला निघून गेले आणि मी साऱ्या जगाशीच काडीमोड घेतला. सासूबाईंशी बोलणं बंद, कारण लेक त्यांचा. उपासनेला जाणं बंद, कारण तिथं सगळ्यांना माझी दया यायची. प्रभूशी तेवढी बोलायचे, पण ते बोलणं कसलं, रोजचं भांडणच.

नाताळच्या आठवड्यात हट्टा गावातली आमची ख्रिस्ती मंडळी घरोघर गाणी म्हणत फिरते, प्रार्थना करते, चहा-चिवडा खाते. त्यांचा आनंद मला सोसणार नव्हता. म्हणून त्या संध्याकाळी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकलं, वळसा घालून मागच्या दारानं आपल्याच घरात चोरासारखी शिरले आणि दिवे मालवले. गॅसवर कुकर तेवढा होता. दुःख झालं म्हणून वरणभात कुणाला चुकलाय?

ढोलकी दाराशी येऊन थांबली. "कुलूप हाय, चला फुडं," कुणीतरी म्हणालं. मी खूश. तेवढ्यात कुकरनं शिट्टी दिली. ती वाफेनं वाजली की प्रभूनं वाजवली, यावर मी वाद घालत नाही.

निघालेली पावलं परत दाराशी वळली. मग माझी बालमैत्रीण एस्तेर म्हणाली, "घरात कोनी न्हाई, मग वरन काय आपोआप शिजून राहिलं?" सगळे खो खो हसले. मी पदर तोंडात कोंबला. आता दार बडवतील, असं वाटलं. तसं कुणी केलं नाही. एस्तेर दाराजवळ येऊन हळूच म्हणाली, "तू नको येऊस, बाई. आमी बसतो हितंच." आणि ती सारी माणसं ओट्यावर बसून कुलपाला गाणी ऐकवत राहिली, घसे बसेपर्यंत. शेवटी एस्तेरनं प्रार्थना केली, "प्रभू, हिची तकलीफ तुला ठाव हाय. हिनं बोलावं असा आमचा हट्ट न्हाई. आमी हितं हाव, एवढं हिला कळू दे."

माझा बांध फुटला. पण दार उघडायचं तर कुलूप बाहेर. म्हणजे मागून फिरून त्यांच्यातच येऊन उभं राहणं आलं. आले. कुणी काही विचारलं नाही, फक्त सरकून जागा दिली. एस्तेर म्हणाली, "आता फुडचं घर तुझ्या सासूचं. काय करतीस?"

गेले. सगळ्यांच्या मागं उभी राहिले. सासूबाईंनी तेवढ्या गर्दीतून मला बरोबर हुडकलं, तोंडावरून हात फिरवला. "किती वाळलीस गं," म्हणाल्या, आणि मग अगदी बारीक आवाजात, "त्यानं मलाबी टाकलं, लेकरा." हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. आम्ही दोघी उंबऱ्यातच बसून रडलो. गाणारे बिचारे चिवड्याची वाट बघत ताटकळले.

हे काही परत आले नाहीत, आणि मी वाटही बघत नाही. रविवारी आम्ही सासू-सून एकाच सतरंजीवर बसतो, मध्ये एस्तेर घुसते. प्रभूच्या हाती स्वतःला सोपवलं म्हणतात, तर त्यात माझी करामत काहीच नाही. मी दमले आणि लपायचं सोडलं. बाकीचं त्यानं माणसांच्या पायांनी माझ्याकडं चालत आणलं.