बुडालेल्या शेताचा राखणदार

डोळ्यांना न दिसणाऱ्या राखणदाराला गड्यासारखं फैलावर घेणारी बाई आख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच, ती म्हणजे माझी आत्या. खाडीकाठच्या तिच्या भातशेतीची राखण तो करतो, हे आम्ही सगळेच मानायचो. पण त्याचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली यायचा. आत्या मात्र वर्षाचा नारळ ठेवतानाही त्याची झाडाझडती घ्यायची. "डुकरं शिरली तवा कुटं निजला व्हतास, मेल्या?" एवढं बोलून झालं की त्याच्या वाटणीच्या पोह्यांवर चमचाभर खोबरं जास्तीचं घालायची. त्याला ते आवडतं म्हणे.

पुढे मोठ्या बोटी जाव्यात म्हणून सरकारने खाडी खोल केली. बोटींच्या लाटांनी शेताचा बांध ढासळला आणि खारं पाणी आत शिरलं ते कायमचं. भरपाई जाहीर झाली, पाहणीला साहेब आले. भर दुपार होती, वारा साफ पडलेला. साहेब पंचनामा लिहीत असताना बुडालेल्या बांधाच्या बाजूने काठी आपटल्याचा आवाज येऊ लागला. पाण्यावर कुणीच नव्हतं. साहेबांचं पेन थांबलं.

"लिवा तुम्ही," आत्या म्हणाली. "बांध गेला ह्ये त्याला अजून ठावं नाय. फेरी मारतोय."

साहेबांनी उरलेला पंचनामा गाडीत बसून पुरा केला. भरपाई हवी तर जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही द्यायची होती आणि आत्या तिथेच अडून बसली. झाडांची भरपाई होती, बांधाची होती, राखणदाराचं काय? परक्या पाण्याभोवती त्याने जन्मभर फेऱ्या मारायच्या? पण घरात दाणा यायचा तो त्याच शेतातून. शेवटी तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन खाडीवर गेली. नारळ ठेवून तिने गाऱ्हाणं घातलं, "चल आता घराकडं. हितं आपलं काय नाय ऱ्हायलं." राखणदाराला नेताना मागे बघायचं नसतं. ती पुढे, मी तिच्या मागे. अर्ध्या वाटेवर तिने मान न वळवता विचारलं, "येतोय ना रे तो?" मला फार वाईट वाटलं. तिला बरं वाटावं म्हणून मी "येतोय" म्हणालो, आणि माझ्या मागे पाचोळ्यात पाऊल वाजलं.

मी मागे पाहिलं नाही. घरापर्यंत ते पाऊल आमच्या सोबत होतं. अंगणात आल्यावर आत्या वाट सोडून बाजूला उभी राहिली.

"शेत गेलं, बाबा," ती हळूच म्हणाली. "आता तू राखावं अशी मीच ऱ्हायलेय."