पाडून पाहिलेली गाडी

मी मोटारसायकल घेणार म्हटल्यावर घरात "कशाला?" असं कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं, "स्कूटी का नको?" मावशीने तर रंगसुद्धा सुचवला, आकाशी.

दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. मी नर्स होते आणि माझं उपकेंद्र सुरगाण्याच्या डोंगरात होतं. लसीकरणाच्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्रातून बर्फ घातलेला लसीचा डबा घ्यायचा, पाड्यावर जाऊन पोरांना टोचायचं आणि उरलेल्या लसी संध्याकाळी परत करायच्या, हे काम. बर्फाला घाई असते, जीपला नसते. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती जिथे सोडते तिथून पाडा तासभर चालीवर. दोनदा असं झालं की मी घामाघूम होऊन पोचले आणि आया वाट बघून पोरं काखेत घेऊन शेतावर निघून गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी मी शाळेच्या ओट्यावर बसून स्वतःलाच शिव्या घातल्या. स्कूटीची ती चिमुकली चाकं त्या वाटेवर पहिल्याच धोंड्याला अडली असती, पण हे आकाशी रंगवाल्यांना कोण सांगणार?

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाशिकच्या कडेला आमचा गुलाबाचा मळा. नाना रोज पहाटे मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी फुलांच्या पाट्या बांधून बाजारात जात. त्यांचं म्हणणं सोपं होतं: डोंगर सोड, बदली माग. बोलून थांबणाऱ्यातले ते नव्हतेच. त्यांनी ओळखीच्या कारकुनाकडून बदलीचा अर्ज लिहून आणला होता, फक्त माझी सही बाकी होती. मला ते काम सोडायचं नव्हतं. पहिल्यांदाच आयुष्यात असं काही हाती आलं होतं की मी नाही गेले तर ते होत नाही.

महिनाभर आमची जुंपली. शेवटी नाना म्हणाले, "बरं, घे गाडी. पण पडलेली गाडी तुला एकटीला उचलता आली पायजे. ज्या दिवशी नाय आली, त्या दिवशी सही करायची. कबूल?"

"कबूल," मी तावातावाने म्हटलं. गाडी चालवायला शिकून मला जेमतेम चार महिने झाले होते, तेही नानांच्याच गाडीवर, मळ्यातल्या मोकळ्या पट्टीत.

मग आम्ही गाड्या बघायला निघालो. शोरूममध्ये मी एका गाडीवर बसले, आरशात पाहिलं, मनातल्या मनात सुरगाण्याचा घाटही चढून आले. नानांनी तिला एक फेरी मारली आणि विक्रेत्याला म्हणाले, "हिला जरा आडवी पाडा."

"म्हणजे?"

"जमिनीवर झोपवा. पोरीला उचलून बघू द्या."

त्या माणसाचा चेहरा असा झाला की जणू आम्ही त्याच्या आईला आडवं व्हायला सांगितलं होतं. "काका, नवी गाडी आहे! टेस्ट राइड घ्या ना."

"चालवता तर कोनालाबी येती," नाना म्हणाले. "पडल्यावर काय, ते बोला."

तीन शोरूममध्ये हेच झालं. तिसऱ्या ठिकाणी मी पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभी राहिले, आपला या गृहस्थांशी काही संबंध नाही अशा थाटात.

शेवटी एका मेकॅनिकचा पत्ता लागला. नाशकात तेव्हा रॅलीचं, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या गाड्यांच्या शर्यतीचं वेड होतं आणि हा माणूस रॅलीवाल्यांच्या गाड्या बांधून द्यायचा. हंगाम संपला की त्यातल्या काही विकायला यायच्या. नानांची अट ऐकून तो हसला नाही. उलट मागचं अंगण झाडून घेतलं आणि जुनी गोणपाटं अंथरली. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की आपण योग्य जागी आलो.

अंबडच्या कंपनीत असलेला माझा चुलतभाऊ सोबत होता. त्याची बोली साडेतीनशे सीसीवर लागलेली. "डोंगरात वजनच पाहिजे, ताई. रस्त्याला चिकटून राहते." त्या गाडीचा आवाज ऐकून माझंही मन पाघळलं, खोटं कशाला बोलू? मेकॅनिकने तिला गोणपाटावर झोपवली. मी पाठ लावली, पाय रोवले, जोर केला. गाडी तसूभर हलली आणि माझ्या कमरेने मात्र चांगलाच आवाज दिला. शंभर सीसीची फुलासारखी उचलली गेली. पण तिचा पोटाचा पत्रा जमिनीपासून वीतभर, पहिल्या ओढ्यातच बसली असती.

मग त्याने कोपऱ्यातून मधली काढली. ना शंभराची, ना साडेतीनशेची. रॅलीसाठी उंच केलेली, रुंद हँडल, मुरूम धरून ठेवणारे बटनांचे टायर, इंजिनाखाली जाड पत्रा, सायलेन्सर वर वळवलेला. रूप म्हणाल तर काही नाही. टाकीवर पोचे आणि रंगाचे तीन थर. बसले तर पायांचे फक्त चवडे टेकले.

"एकच पाय नीट टेकवायचा," मेकॅनिक म्हणाला. "थांबताना जरा एका अंगाला सरकायचं. सीटचा फोमही थोडा कापून देतो."

नानांनी रीत दाखवली. हँडल पूर्ण वळवायचं, गिअर टाकून ठेवायचा, सीटला पाठ लावून खाली बसायचं, एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला, आणि हातांनी न उचलता पायांनी मागे मागे रेटत जायचं. पहिल्या खेपेला सुटली. दुसऱ्या खेपेला उभी राहिली. नानांनी ती पुन्हा पाडायला लावली, डाव्या अंगाला, मग उजव्या. सहाव्यांदा उचलल्यावर ते मेकॅनिकला म्हणाले, "कापा फोम." मी त्या पोचे पडलेल्या टाकीवर दोन्ही हात टेकून उभी राहिले आणि इतकी खूष झाले की चुलतभावाला चहा पाजला.

चार महिने गाडी माझ्यावर खूष होती. मग नागलीच्या कापणीच्या दिवसांत, पाड्याकडे उतरणाऱ्या मुरमाच्या वळणावर पुढचं चाक सरकलं आणि आम्ही दोघी पडलो. मला फार लागलं नाही. ट्यूबच्या पट्टीने बांधलेला डबाही शाबूत होता. तो सोडून सावलीत ठेवला आणि शिकवल्याप्रमाणे पाठ लावली.

गाडी हलेना. चाकं चढाकडे आणि टाकी उताराकडे अशी ती पडली होती. म्हणजे मला गाडी नाही, तिच्यासकट डोंगर उचलायचा होता. मेकॅनिकचं अंगण सपाट होतं, आमचा मळा सपाट. उतारावर पाडून बघायचं ना नानांना सुचलं, ना मला. चार वेळा जोर केला. पाचव्यांदा मी रडायला लागले, दुखलं म्हणून नाही, त्या अर्जावरची सहीची रिकामी जागा दिसायला लागली म्हणून.

खालच्या शेतातून चार बायका विळे घेऊन वर आल्या. मी म्हटलं, "थांबा, मी उचलते." त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. सगळ्यात वयस्कर होती ती म्हणाली, "आम्ही काय बघत बसू का मंग?" दोघींनी गाडी फिरवून चाकं उताराकडे केली, एकीने चाकाखाली दगड लावला, आणि चौघींनी मिळून ती अशी उभी केली की मला बोलायला जागाच उरली नाही. त्या दिवशी पाड्यावरचं एकही पोर टोचायचं राहिलं नाही.

शनिवारी घरी नानांनी विचारलं, "कशी चाललीय?"

"मस्त," मी म्हटलं. खोटं बोलले.

दिवाळीनंतर नाना म्हणाले, मला तुझं गाव बघायचंय. आयुष्यात कोणाच्या मागे न बसलेले नाना माझ्या मागे बसले आणि पूर्ण वाट माझ्या खांद्यावरून ब्रेक लावत आले. पाड्यावर पोचलो तर तीच म्हातारी ओट्यावर. माझ्या मागे उभ्या नानांना बघून तिला आनंदाचं भरतं आलं.

"सिस्टरचे बाप का तुम्ही? लय गुणाची पोर हाय. त्या वळनावर पडली तवा आम्हीच उचलली तिची गाडी. तिला नाय उचलत होती!"

मी डब्याच्या झाकणाशी खेळत बसले. नानांनी विचारलं, "किती जनी व्हत्या?"

"चौघी."

"कोनी बोलवलं?"

"कोन बोलवल? पडली ती दिसली ना."

परतताना त्या वळणावर नानांनी गाडी थांबवायला लावली. चाकं कुठे होती, टाकी कुठे, सगळं विचारलं. उतारावर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. "मलाबी नसती उचलली," एवढंच म्हणाले. वाटभर माझा जीव टांगणीला.

घरी आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "मग? तो अर्ज काढू का?"

नाना ओट्यावर टेकले. पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवून त्यांनी उजवी पोटरी उघडी केली. तिथे तळहाताएवढी चामडी गुळगुळीत, फिकट होती. आईने ती हजारदा पाहिली होती. लग्नाआधी गुळाच्या कढईने भाजलं, असं तिला माहीत होतं.

"कढई नव्हती," नाना म्हणाले. "फुलांसकट गाडी अंगावर आली व्हती, बाजाराला जाताना. सायलेन्सर पायावर. उजाडेपर्यंत तसाच पडून व्हतो. गाड्या जात व्हत्या, दिवे मारत व्हत्या, एकबी थांबली नाय. तवाच ठरवलं, आपली आपल्याला उचलता आली पायजे."

आईने तांब्या खाली ठेवला आणि त्या चामडीवरून बोट फिरवलं.

"राहू दे तो अर्ज," नाना तिला म्हणाले. "हिच्यासाठी चौघी आल्या."