विचलीला जायचं नाही

थेल्मा गॅरटला किळस येणार नाही अशी गोष्ट नेदर ॲशकम गावात शोधूनही सापडली नसती. कोमट चहाची किळस, पाद्र्याच्या दमट हाताची किळस, समोरच्यांच्या मांजराचं तर विचारूच नका. उभा जन्म तिनं गावच्या शाळेत पोरांना उकडलेला कोबी आणि कस्टर्ड वाढण्यात काढला. पोरं ताटात काय काय कालवतात ते रोज बघून माणसाच्या जातीबद्दल तिचं जे मत झालं, ते पुढं कधी बदललं नाही. नवरा विल्फ भला माणूस होता. तो गेला आणि तिच्या जिभेला आवर घालणारं कुणी उरलं नाही.

पण खरी शिसारी तिनं राखून ठेवली होती ती सहलीला येणाऱ्या लोकांसाठी. नेदर ॲशकम दिसायला देखणं. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, दारांवर चढलेले गुलाब. तेच त्याचं दुर्दैव. मे महिना लागला की हिरवळीशी बसगाड्या थांबत आणि त्यातून माणसं भसाभसा बाहेर पडत. थेल्माच्या कुंपणावर बसून ती सँडविच खात आणि पावाच्या कडा तिच्या फुलझाडांत टाकत. एका बाईनं तर फाटक उघडून, वाळत घातलेल्या कपड्यांसकट तिचा फोटो काढला आणि वर "किती गोड!" म्हणाली.

"आपण काय पिंजऱ्यात राहतो?" थेल्मा म्यूरिएलला विचारी. "खिडकीला नाकं लावतात गं मेले! काचेवर डाग पडतात. ते पुसायचे कुणी?"

म्यूरिएल हॉज ही भिंतीपलीकडची शेजारीण. पोरवयात कुणाच्या तरी घरी कामाला म्हणून या गावात आली आणि इथलीच झाली. त्याआधीचं विचारलं की "तिकडं, पलीकडं होतो आम्ही," एवढंच सांगायची. थेल्माला ज्या एका माणसाची कधी किळस आली नाही, ते माणूस म्हणजे म्यूरिएल. आणि म्यूरिएलचे डोळे चालले होते. येत्या हिवाळ्यानंतर उजेड-अंधार तेवढा कळेल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. "बरंच पाहून झालंय की," म्यूरिएल म्हणाली आणि तिनं केटली शेगडीवर ठेवायच्या ऐवजी शेगडीच्या शेजारी ठेवली.

म्हणून त्या वर्षीची सहल थेल्मानं फारच मनावर घेतली. दर जूनमध्ये गावच्या सभागृहाची मंडळी बस करून एक दिवस कुठंतरी जात, आणि आखणी थेल्माकडं असे. म्यूरिएलला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळणारी ही शेवटचीच सहल. ती फुकट जाऊन चालणार नव्हतं.

बैठकीला अध्यक्ष म्हणून डेनिस प्रुएट होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ कुठलंही ठिकाण एकाच मापानं मोजत.

"शौचालयांचं काय?" त्यांनी सुरुवातीलाच विचारलं. "माझं मत त्या मोठ्या रोपवाटिकेला. नवी कोरी शौचालयं आहेत. कागद जाड."

"जाड कागद बघायला एवढ्या लांब जायचं? तो घरीच आणा की विकत."

"उपाहारगृहही आहे, थेल्मा."

"आहे ना. कुंड्या, प्लास्टिकचे बगळे आणि मधोमध सुकलेला केक. शी!"

मग कुणीतरी म्यूरिएलला विचारलं. तिनं बिस्किट बशीत ठेवलं. "विचली गाव छान आहे म्हणतात," ती हळूच म्हणाली. "पण नको, तुम्ही ठरवाल तिथं. माझं काही नाही."

"विचली?" थेल्माच्या अंगाचा तिळपापड झाला. "तिथं आहे काय? तसलीच घरं आणि घराघरांत डोकावणारी तसलीच गर्दी! आपल्या दारात जे येतात, ते आपण दुसऱ्याच्या दारात जाऊन व्हायचं? मी असेपर्यंत तरी नाही."

"हो, तुझं बरोबर आहे," म्यूरिएल म्हणाली आणि बिस्किट शोधू लागली.

या लोकांत 'मला अमुक हवं' असं सरळ म्हणणं म्हणजे नुसत्या परकरावर चर्चला जाण्यासारखं. 'माझं काही नाही' म्हटलं की समोरच्यानं समजून घ्यायचं, काहीतरी आहे. थेल्मा जन्मापासून याच लोकांत राहिलेली. तिला ते कळायला हवं होतं. पण ती नाक मुरडण्यात गर्क होती.

शेवटी एका उमरावाचा वाडा आणि त्याची गुलाबांची बाग ठरली. गुलाब मोठाले असतात, म्यूरिएलला दिसतील, असा थेल्माचा हिशेब. या मंडळींचा एक रिवाज होता. सहलीच्या आधी आखणी करणाऱ्यानं आणि अध्यक्षांनी गाडी काढून सगळा रस्ता एकदा पालथा घालायचा. चहा पिऊन बघायचा, त्याच्यासोबतचा स्कोन म्हणजे गोडसर पाव खाऊन बघायचा, प्रत्येक शौचालयाची साखळी ओढून बघायची. थेल्मानं म्यूरिएललाही चल म्हटलं. "नको, जरा काम आहे मला," म्यूरिएल म्हणाली. म्यूरिएलला कसलं आलंय काम, असं थेल्माच्या मनात येऊन गेलं.

वाड्यात पाऊल टाकताच थेल्मानं नाक मुरडलं. गुलाबांना काळी बुरशी, स्कोन विटेच्या जागी भिंतीत बसवावा असा, आणि चहात तरंगणारं काय होतं ते देव जाणे. शौचालयं दुरुस्तीसाठी बंद. परतीच्या वाटेवर डेनिसरावांचा चेहरा हळूहळू जांभळा होत चालला.

"थेल्मा, मला आता..."

"थांबवा गाडी त्या झाडाशी. मी तोंड फिरवते."

"मी सभागृहाचा अध्यक्ष आहे!"

"ते तुमच्या मूत्राशयाला सांगा."

जवळात जवळ सार्वजनिक सोय होती ती विचलीला. नाइलाजानं गाडी तिकडं वळली. डेनिसराव उतरून पळाले आणि थेल्मा गर्दीत उभी राहिली. गावाच्या चित्रांचे टॉवेल विकणारी दुकानं, हातात आइस्क्रीम वितळवत चाललेली माणसं. तिला श्वाससुद्धा घ्यावासा वाटेना. तेवढ्यात तिला दिसलं, एका बसक्या घरासमोर कुणी म्हातारी दोन्ही पाय फुलांच्या वाफ्यात रोवून, हातांचा आडोसा करून, खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती.

थेल्माच्या डोक्यात तिडीक गेली. "ए बाई!" ती ओरडली. "जनाची नाही, मनाची तरी? माणसं राहतात तिथं! किळसवाणं!"

म्हातारी दचकून वळली. चर्चला घालायची निळी टोपी घातलेली म्यूरिएल होती ती.

"थेल्मा?" ती थेल्माच्या जरा बाजूला बघत म्हणाली. "सॉरी हं. मी निघतेच."

"तू इथं कशी?"

"बस बदलत बदलत आले. हे आमचं घर गं. म्हणजे भाड्याचं. मी कामाला लागेपर्यंत इथंच वाढले."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुला आवडलं नसतं."

थेल्माला आयुष्यात पुष्कळदा शिसारी आली होती. पण आज आली ती स्वतःचीच, आणि स्वतःपासून नाक वळवून जाणार कुठं?

"दिसलं का काही?" तिनं विचारलं.

"नाही ना. काचेत नुसता उजेड, आणि माझीच टोपी." म्यूरिएल हसली. "गेल्या वर्षी यायला हवं होतं मी."

थेल्मानं एकदा इकडं तिकडं पाहिलं. मग ती वाफ्यात चढली आणि हातांचा आडोसा करून तिनं काचेला नाक लावलं.

"विचार, काय बघायचंय ते," ती म्हणाली.

"अगं, नको! कुणी बघेल."

"विचार म्हटलं ना."

"जमीन... दगडी आहे का अजून?"

"आहे. भिंती मात्र दवाखान्यासारख्या पांढऱ्याफटक केल्यात. आणि माझ्यापेक्षा उंच फ्रीज. भयाण आहे सगळं."

"मागच्या दाराशी एक फरशी झिजलेली होती."

थेल्मानं नाक आणखी दाबलं. "आहे. बशीसारखी खोलगट झालीय."

"आई तिथं उभी राहून आम्हाला हाका मारायची," म्यूरिएल म्हणाली आणि तिनं थेल्माच्या कोटाची बाही धरली. "आणि चुलीशेजारी कोनाडा? धाकटा भाऊ त्यात झोपायचा."

इतक्यात दार उघडून घरातली तरुण बाई तणतणत बाहेर आली. "काय चाललंय हे? माझ्या फुलांत उभ्या आहात तुम्ही! या वयात लाज नाही वाटत?"

"वाटते ना," थेल्मा काचेवरचं नाक न हलवता म्हणाली. "भयंकर वाटते. पण चुलीकडची बाजू अजून राहिलीय, तेवढी सांगू द्या हिला."